हवेची कायाक, नऊ महिने आणि एक हरवलेलं शेपूट

लांबी, वजन, कप्पे किती, हे सगळं विक्रीच्या पानावर आहे, ते इथं लिहीत नाही. गेल्या ऑगस्टच्या सेलमध्ये 11,995 रुपयांना दोन माणसांची ही हवा भरून वल्हवायची नाव घेतली, आता मे चालू आहे. पहिल्या आठवड्यात पाच स्टार दिले होते. जानेवारीत दोनवर आणले. आता काय द्यावेत ते शेवटपर्यंत वाचलं तर कळेल.

दुखणं एकच, शेपूट. बुडाला मागच्या बाजूनं खाचेत सरकवायचा वीतभर प्लास्टिकचा पंखा. हवेची नाव पाण्यात खोल बसत नाही, तळ सपाट. शेपूट नसलं की वल्ह्याच्या प्रत्येक झटक्याला ती तोंड फिरवते. आणि आमची दुधना कशी, तर निम्न दुधना धरणाच्या खाली कुठं पुरुषभर डोह, कुठं घोट्याइतकं पाणी आणि खडक. दुसऱ्याच फेरीत कुठंतरी घासून ते निसटलं. आम्हाला पत्ताच नाही.

मी पुढं, दाजी मागं. दाजी 92 किलो. त्या आठवड्यात खालचे बंधारे भरायला धरणातून नदीत पाणी सोडलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. पाणी नेहमीपेक्षा ओढत होतं आणि नाव गरागरा फिरायला लागली.

"अरे सरळ घे की!"

"दाजी, मी सरळच मारायलो, हीच फिरायलीय!"

थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळं टाकणारा एक जण काठावरनं ओरडला, "ओ मालक, काठाला घ्या! पुढं बंधारा हाय, वरून पाणी चालू हाय!" बंधारा वरच्या अंगानं दिसतच नाही. पाणी आरशासारखं सपाट, मग एक सरळ रेघ, आणि रेघेपलीकडं झाडांचे नुसते शेंडे. हाताला लागला तो शेताला पाणी उपसायच्या एका मोटारीचा पाईप, तोच धरला. पाईपाला लागूनच वायर, जोडावर काळी टेप, अर्धी सुटलेली. लाईट नव्हती. लोडशेडिंगचे आभार मी आयुष्यात पहिल्यांदा मानले.

नंतर चालत जाऊन बंधारा खालून पाहिला. जेमतेम कमरेइतक्या उंचीवरून पाणी पडत होतं, पण पायथ्याशी ते उलटं भिंतीकडंच वळत होतं. एक रिकामा कॅन दहा मिनिटं तिथल्या तिथं लोळत होता, बाहेर काही पडला नाही. पट्टीचा पोहणारा लाईफ जॅकेट घालून पडला असता तरी त्याचं तेच झालं असतं.

मग कंपनीशी भांडण. कस्टमर केअरला लिहिलं, शेपूट द्या, पैसे घ्या. उत्तर आलं, खराब झालेल्या भागाचा फोटो पाठवा. अहो, भाग नदीत आहे, फोटो कशाचा पाठवू? चार मेलनंतर कळलं की शेपूट सुटं विकतच नाहीत आणि वॉरंटीत बसत नाही. दोन स्टार त्याच रात्री केले.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर शेपूट असतं तरी आम्ही दोन मिनिटं उशिरा त्याच बंधाऱ्यावर पोचलो असतो, आणि अगदी सरळ रेषेत. चूक माझी होती. पाच किलोमीटरचा पट्टा मी आधी बघितलाच नव्हता. आता आदल्या दिवशी मोटारसायकलवर काठानं जाऊन येतो. बंधाऱ्याच्या दोनेकशे मीटर वर, जिथं उतरायचं तिथं, बाभळीला लाल फडकं बांधतो. कुणाच्या मोटारी, वायरी कुठं आहेत ते बघून ठेवतो. धरणातून विसर्ग चालू आहे का ते पाटबंधारेवाल्यांना विचारतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, तेव्हा कुणी "500 सोडलंय" म्हणालं की सेकंदाला 14 हजार लिटर समजायचं आणि घरी बसायचं. नाव ओढत चालतानाही जॅकेट अंगातच ठेवायचं. वाळू उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत, एक पाऊल घोट्यात तर दुसरं डोक्यावर. जॅकेट घट्ट आहे का हे बघायला खांद्याला धरून वर ओढायचं, कानापर्यंत आलं तर पट्टे आवळायचे. दाजींचं आलं होतं.

उन्हाचंही सांगतो, कारण हे माहितीपुस्तिकेत नाही. सकाळी 20 अंशात 1 पीएसआय (दाबाचं माप) हवा भरली आणि आतली हवा दुपारी 40 वर गेली की दाब दुपटीच्या आसपास जातो. चहाला थांबलात तर नाव सावलीत ओढा, नाहीतर थोडी हवा सोडा. उलट तापलेली नाव पाण्यात टाकली की मऊ पडते, तेव्हा पंप सोबत हवाच. वेड्या बाभळीच्या काट्यानं एकदा पंक्चर झाली. सायकलवाल्याचं सोल्युशन या कापडाला धरत नाही, पीव्हीसी कापडाचाच गोंद लागतो.

राहिलं शेपूट. आईचा भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट हॅक्सॉनं कापून नवीन केलं. उंची मुद्दाम निम्मी ठेवली आणि भोक पाडून नायलॉनच्या दोरीनं नावेला बांधलं. उथळात घासत नाही आणि नाव सरळ जाते, कंपनीच्यापेक्षा बरी. चार स्टार देतो, पण त्यातला एक पाटाचा आहे. आईनं नवा पाट 180 रुपयांना आणला आणि पैसे माझ्याकडून घेतले, म्हणजे नाव मला 12,175 ला पडली.