मुधोळ, राजपालयम, कोंबई की दारातला गावठी?

मिरगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला त्या सकाळी आमची तारा पडवीच्या कडेला पुढचा एक पाय उचलून उभी होती. अंगणात उतरायला तयार नाही. सहाला उठलेली ती अकराला बाहेर गेली, तीही मी डोक्यावर छत्री धरल्यावर. तोवर शेजारचा काळू चिखलातून दोन फेऱ्या मारून, अंग झटकून, त्यांच्या पायरीवर गाढ झोपी गेला होता.

तारा मुधोळ जातीची कुत्री, काळू गावठी. दोघंही 'देशी'च. देशी कुत्रा कुठल्याही हवेत टिकतो म्हणतात, पण देशी म्हणजे कुठल्या देशीचा, हे कोणी विचारत नाही. मुधोळकडे वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस होतो. आमच्या गोव्यातल्या डिचोलीत एखाद्या जुलैत तेवढा पंधरा-वीस दिवसांत कोसळून जातो.

हे आठवायचं कारण फोंड्याचा माझा आतेभाऊ. त्याला 'दुर्मीळ होत चाललेली' जात पाळायची आहे आणि कुठली घेऊ म्हणून तो दर आठवड्याला फोन करतो. ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी मुधोळ, राजपालयम, कन्नी, चिप्पीपराई, कोंबई अशी नावं घेतली, तेव्हापासून असे फोन बरेच वाढले. त्याला सांगितलं ते इथं मांडतो. तारा आठ वर्षं घरात आहे, राजपालयम दोन घरांत जवळून पाहिले, आणि गावठी तर जन्मल्यापासून आजूबाजूला.

मुधोळ, कारवानी, पश्मी

आधी नावांचा गोंधळ. महाराष्ट्रात ज्याला कारवानी म्हणतात तोच बहुतेकांचा मुधोळ. कानाशेपटीला लांब केस असले की पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर 'कॅरव्हान हाउंड' लिहिलेलं असतं, दुसऱ्या क्लबच्या कागदावर 'मुधोळ हाउंड'. कागदावर वेगळं नाव दिसलं म्हणून लगेच फसवलं असं समजू नका.

मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. आता ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात येतं. राजे मालोजीराव घोरपड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावोगावची चांगली कुत्री जमवून ही जात सावरली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली. आज मुधोळजवळ थिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. गोव्यातल्या माणसाला ही सगळ्यात जवळची सोय. चोर्ला घाट चढून बेळगाव, तिथून गोकाककडून पुढं. सकाळी निघालात तर पिल्लू आणि त्याची आई दोन्ही त्याच दिवशी डोळ्यांनी बघता येतात. राजपालयमच्या बाबतीत हे जमणार नाही.

नराची उंची २६ ते २८ इंच, वजन मात्र वीस-पंचवीस किलोच. घरात इतका शांत की पाहुण्यांना वाटतं आजारी आहे. तारा दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपते. भुंकणं अगदी कमी, त्यामुळे राखणीसाठी घ्यायचा असेल तर नको. अनोळखी माणूस आला की ती मागे सरते. आमच्या पोस्टमनच्या मते ती चोराला फक्त निरोप देईल.

डोळ्यांना काही पळताना दिसलं की मात्र ती आपली राहत नाही. दोन वर्षांपूर्वी काजूच्या बागेच्या टोकाला ससा उठला. साखळी माझ्या हातात होती, पट्टा तिच्या गळ्यात नव्हता. निमुळती मान आणि त्याहून बारीक डोकं, साधा पट्टा हिसक्यासरशी निघतो. या कुत्र्यांना लागतो तो ओढला की घट्ट होणारा रुंद पट्टा, किंवा छातीवरून घ्यायचा हार्नेस. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. तीन तासांनी परतली ती काटेरी तारेनं छाती वीतभर फाडून घेऊन. हिची कातडी पातळ, खाली चरबी नाही. गावठ्याला ओरखडा उठला असता तिथं हिला टाके पडले.

टाके म्हणजे भूल. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या कुत्र्यांच्या अंगातून थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत. 'हा साइटहाउंड, म्हणजे नजरेवर शिकार करणारा कुत्रा आहे' हे डॉक्टरांना टेबलावर ठेवण्याआधीच सांगायचं. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी असं कुत्रं तोवर हाताळलं नव्हतं. त्यांनी ओळखीतल्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावून विचारलं आणि मगच सुई हातात घेतली. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथं वाढला.

ससा सापडला असता तर गुन्हाही झाला असता. वन्यजीव संरक्षण कायद्यात तोही येतो. या जाती मागं पडल्या त्याला हेही एक कारण आहे. १९७२ नंतर शिकार बंद झाली, धनगरांचे कळप घटले आणि शहरातल्या माणसाला विलायती कुत्र्याची ऐट हवी झाली. ज्या कामासाठी हा घडला ते काम आता त्याला देता येत नाही. म्हणून निदान मोकळं धावायला बंदिस्त जागा द्यावी लागते. किनारा डोळ्यासमोर येतो, पण तिथं गावकुत्र्यांची टोळी पाठीला लागते, आणि मोरजी, आगोंद, गालजीबाग इथं थंडीत समुद्री कासवं अंडी घालायला येतात. तिथं कुठलंच कुत्रं मोकळं सोडायचं नाही.

राजपालयम

पांढराशुभ्र, गुलाबी नाक, उंची मुधोळइतकी पण अंगानं भरलेला. मूळ तमिळनाडूच्या विरुधुनगर जिल्ह्यात. टपाल खात्यानं २००५ मध्ये चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यांत मुधोळ, रामपूर आणि हिमालयन मेंढपाळी कुत्र्याबरोबर हाही होता. दिसायला या सगळ्यांत देखणा हाच, आणि फसगतही सगळ्यात जास्त याच्यातच.

निव्वळ पांढऱ्या रंगाबरोबर बहिरेपणा येतो आणि या जातीत तो बराच आहे. पिल्लू बघायला गेलात तर सगळी भावंडं झोपलेली असताना त्याला न दिसेल अशा बाजूनं किल्ल्यांचा जुडगा हलवा. टाळी वाजवू नका, हवेची झुळूक लागली तरी ते उठतं आणि ऐकलंसं वाटतं. एकटं बाजूला घेऊन पुन्हा करा, कारण घोळक्यात बहिरं पिल्लू दुसऱ्याच्या हालचालीवर उठतं. एका कानानं बहिरं असेल तर मात्र घरगुती परीक्षेत कळत नाही.

दुसरं, तो राखण्या आहे आणि घरातल्या एकदोघांनाच मानतो. मी पाहिलेल्यांपैकी म्हापशाजवळच्या घरातला नर मालकाच्या सख्ख्या भावाला वर्षभर अंगणात घेत नव्हता. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची चौकट) बांधायला, आरतीला, भजनाला गाव आत-बाहेर करतो. त्या पाच-सात दिवसांत याला कुठं ठेवणार, याचं उत्तर आधी तयार हवं. खोलीत कोंडला की रात्रभर दार ओरबाडतो. वर फटाके.

उन्हाचंही आहेच. केस आखूड आणि कातडी गुलाबी. नाकाची, कानांची टोकं एप्रिल-मेमध्ये भाजतात. सावली आणि पंखा दोन्ही लागतात.

मोठं आवार, मुलं मोठी झालेली, पूर्वी जोरकस कुत्रा सांभाळलेला माणूस, असं सगळं जुळत असेल तर घ्या. पहिलंच कुत्रं म्हणून मी कुणाला सांगणार नाही.

कोंबई आणि बाकीचे

कोंबई तेनी जिल्ह्यातला. तांबूस अंग, काळं थोबाड, उंचीनं राजपालयमपेक्षा कमी, तापटपणात जास्त. रानडुकरामागे सोडायचं कुत्रं ते. ज्यांच्या घरी पर्यटक खोल्या भाड्यानं घेतात त्यांनी याचं नावही काढू नये.

चिप्पीपराई आणि कन्नी म्हणजे, आपल्या दृष्टीनं, मुधोळचेच दक्षिणेकडचे चुलतभाऊ. तोच पळ, तीच पातळ कातडी. हजार किलोमीटर जाऊन जे आणणार ते दीडशे-दोनशे किलोमीटरांवर मिळतंय. रामपूर हाउंड तर अस्सल सापडणंच कठीण, आणि तो मुळात नवाबानं अफगाणी ताझी आणि इंग्रजी ग्रेहाउंड यांच्या संकरातून काढलेला. 'शुद्ध देशी' म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

गद्दी, बखरवाल, हिमालयन: दाट केसांची डोंगरी कुत्री. गोव्याच्या दमट हवेत आणू नका. हा छंद नव्हे, छळ आहे.

दारातला गावठी

आतेभाऊ इथं हसला. "गावठ्याला कोण दुर्मीळ म्हणतो?"

म्हणू नये, संख्येनं तो चिक्कार आहे. पण कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावर जे दिसतं त्यात लॅब्राडोर, पॉमेरियन, जर्मन शेफर्ड, सगळं मिसळलेलं असतं. कोणी सोडून गेलेलं, कोणी परत जाताना ठेवून गेलेलं. उभे कान, पाठीवर वळलेली शेपटी, आखूड केस, बदामी डोळे, असा जुन्या घडणीचा कुत्रा बघायचा तर सत्तरी तालुक्यात, सांग्यात, काणकोणच्या आतल्या वाड्यांवर जावं लागतं. माझ्या लहानपणी तो डिचोलीच्या बाजारातही होता.

काळू त्यांतला. शेजारच्यांच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, तो माकडं पिटाळतो. भुंकण्याचे त्याचे तीन प्रकार आहेत. माकडाला एक, माणसाला एक आणि सापाला एक, बारीक, थांबून थांबून. त्या तिसऱ्या आवाजावर काकी विजेरी घेऊन बाहेर येतात. गेल्या पावसाळ्यात पाण्याच्या टाकीमागे घोणस होती. तारा तेव्हा सोफ्यावर होती.

उणीव सांगायची तर तो तुमचा एकट्याचा होत नाही. दिवसा वाडाभर फिरतो, दोन घरी पेज खातो, माद्यांच्या मागं आठवडाभर गायब होतो. नसबंदी केली की हे पुष्कळ कमी होतं. फ्लॅटमध्ये लहानपणापासून वाढवला तर छान राहतो, पण मोठा झालेला उचलून पर्वरीच्या चौथ्या मजल्यावर नेऊ नका. रानालगतच्या गावात रात्री बाहेर बांधू नका. बिबट्याला बांधलेलं कुत्रं सोपं सापडतं.

सगळ्यांना लागू

गोचिडी. गोव्यात कुत्रं मारणारी मोठी गोष्ट ही. तारानं चौथ्या वर्षी खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या झाल्या, मग नाकातून रक्त. प्लेटलेट कोसळल्या होत्या. गोचीडताप. डॉक्सिसायक्लिनचा चार आठवड्यांचा कोर्स आणि दहा दिवस चमच्यानं पेज. पायाच्या बोटांमधली बेचकी आणि कानाची आतली घडी रोज संध्याकाळी बघायची, गोळी किंवा थेंब वर्षभर द्यायचे, पावसाळ्यापुरते नाही. गावठ्यालाही हा ताप होतो, फक्त त्याचं कोणी मोजत नाही. सत्तरीत २०१५-१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडत आले आहेत, तोही गोचिडींतूनच. रानात फिरून आलेलं कुत्रं थेट अंथरुणात घेऊ नका.

रेबीजची लस दरवर्षी. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित' राज्य जाहीर झालं ते वर्षानुवर्षं टोचत राहिल्यामुळेच. पंचायतीत किंवा पालिकेत नोंदणीही करून घ्या.

विकत घेणार असाल तर आठ आठवड्यांखालचं पिल्लू देणाऱ्याकडून घेऊ नका. २०१७ च्या नियमांनी ते बेकायदा आहे, आणि विकणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणीही लागते. फोटो पाहून पैसे पाठवू नका. आमच्या ओळखीत एकानं पाठवले. 'मुधोळ' आला तो सहा महिन्यांत ग्रेहाउंडच्या मांड्या घेऊन वाढला. शर्यतीच्या नादात असा संकर सर्रास होतो.

"जात वाचवायची म्हणून जोडी घेतो, पिलं काढतो," हे आतेभावाचं मला अजिबात पटलं नाही. मुधोळ वाचेल ती मुधोळच्या आसपासच्या गावांत, जिथं दहा-वीस घराण्यांच्या कुत्र्या एकमेकींशी ताडून बघता येतात. फोंड्यातल्या एका जोडीतून बहीण-भावांची पिलं निघतील आणि सहावं-सातवं पिल्लू कुणाच्या गळ्यात बांधायचं हा प्रश्न. एकच घ्या, नसबंदी करा.

मग त्याच्यासाठी निवाडा काय? कोंबई नाही. राजपालयम नाही, कारण धाकटी अजून पाच वर्षांची आहे आणि घर भजनाचं. मुधोळची मादी चालेल. दोन्ही वेळ पळवायला तो स्वतः उठणार असेल तर. नाहीतर काळूच्या वाड्यात येत्या थंडीत पिलं होतील, त्यातलं एक फुकट.

गेल्या रविवारी त्याच्या घरी जाऊन आवार पाहिलं. रस्त्याकडची भिंत चांगली आहे, पण मागच्या बाजूला, ओहोळाकडे, चिऱ्यांचा जुना गडगा आहे, माझ्या कमरेएवढा. तारा तो उभ्या उभ्या ओलांडेल. त्याच्यावर सहा फुटांपर्यंत जाळी चढवायची ठरली. गवंडी म्हणाला, चवथ झाल्याशिवाय हात लावणार नाही. पिल्लाचं मग त्यानंतर बघू.