भंवरकुआंवरचा सी चा क्लास: सर एक नंबर, लॅब रामभरोसे

इंदूरला भंवरकुआंला क्लासेसचा नुसता बाजार आहे, त्यातल्याच एका छोट्या क्लासमधे मी दोन महिने सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलो, नाव मुद्दाम लिहीत नाही. बॅच सकाळी सातची, राजेंद्रनगरहून निघायचं म्हणजे पोहे-जिलबी पण धड व्हायची नाही.

पण सर भारी. इंग्रजी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ओळ, कॅपिटलची स्मॉल करायची, एवढुसा प्रोग्राम, त्यावर त्यांनी दोन दिवस काढले. कॉम्प्युटरमधे प्रत्येक अक्षराला एक नंबर (ॲस्की कोड) असतो, तो बोर्डावर लिहिला, मोठा ए 65, छोटा ए 97, फरक 32. मला वाटलं सोप्पंय, लूप लावला आणि प्रत्येक कॅरेक्टरच्या नंबरात सरसकट 32 मिळवून टाकले. इनपुट होतं राजवाडा 2, तर अक्षरं झाली बरोबर छोटी पण स्पेसचा झाला ॲट द रेट आणि 2 चा झाला कॅपिटल आर! सर हसले, म्हणे अरे भिया, आधी विचार तर खरं की हे ए ते झेडमधलं आहे का. मग टूलोअर दाखवलं, म्हणजे कॅपिटलचं स्मॉल करून देणारं तयार फंक्शन, त्यासाठी सीटाइप डॉट एच ही फाइल जोडायची, एकेक कॅरेक्टर द्यायचं, बाकीच्यांना ते हातच लावत नाही. फक्त जे परत येतं ते ॲरेमधे, म्हणजे स्ट्रिंग साठवलेल्या जागेत, ठेवायला विसरायचं नाही, आमच्या अर्ध्या बॅचने नुसतं कॉल केलं आणि काही बदलत नाही म्हणून ओरडत बसली.

आता लॅब. प्रोग्राम चालवायला तोच जुना निळ्या स्क्रीनचा टर्बो सी कंपायलर. तिथला मदतनीस पोरगा म्हणाला एवढी मेहनत कशाला, एसटीआरएलडब्ल्यूआर (strlwr) लिही, अख्खी स्ट्रिंग स्मॉल, एका ओळीत काम. चाललं पण. घरी लिनक्सवर जीसीसी या कंपायलरमधे टाकलं तर एरर, कारण ते स्टँडर्ड सी मधे नाहीच. वर पॉइंटरला (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) सरळ कोट्समधली स्ट्रिंग देऊन ती बदलायला गेलो, लॅबमधे गुपचूप चाललेलं, घरी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्राम मधेच बंद. सरांना विचारलं तर दोन मिनिटांत सांगितलं, ती स्ट्रिंग बदलायची नसते, कॅरेक्टर ॲरे घे. मग हे लॅबमधेच का नाही सांगत कोणी?

फीची पावती मागितली की "उद्या", ते उद्या अजून उगवलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन, तेही सरांमुळे. जाणार असाल तर स्वतःचा लॅपटॉप न्या आणि लवकर पोचा, चार्जिंगचा पॉइंट एकच आहे, मागच्या भिंतीला.