जुने आयडी ठेवायचे की नवे द्यायचे?

देवगड-रत्नागिरीकडच्या आंबा बागायतदारांच्या संस्थेचं जुनं पीएचपीतलं सॉफ्टवेअर जँगो किंवा लाराव्हेल या फ्रेमवर्कवर न्यायचं ठरलं, की प्रायमरी कीचा, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या आयडीचा, प्रश्न पहिला येतो. बागायतदार ४१२ नव्या डेटाबेसातही ४१२च राहणार का?

तो आकडा डेटाबेसाबाहेर गेलाय का, ते बघा. पेटीवरच्या क्यूआर कोडात, छापील पट्टीवर, दलालाच्या एक्सेलमध्ये? गेला असेल तर जुनाच ठेवा. वाशीला पोचलेल्या पेटीवरचा कोड बदलता येत नाही.

जुने आयडी ठेवले की फॉरेन की (पावतीत लिहिलेला बागायतदाराचा आयडी, तसे दुवे) आपोआप जुळतात. आधी बागायतदार, मग त्यांच्या पावत्या, एवढा क्रम पाळायचा. मात्र पोस्टग्रेस डेटाबेसात आयडी हाताने भरला तर सिक्वेन्स, म्हणजे पुढचा आयडी देणारा काउंटर, पुढे सरकत नाही. नवी नोंद १ पासून आकडा मागते आणि डुप्लिकेट कीची एरर येते. एरर आली तर नशीब समजा. पूर्वी १७ नंबरचा बागायतदार डिलीट झाला असेल, तर ती जागा रिकामी असते. नव्या माणसाला १७ मिळतो आणि जुना क्यूआर भलत्याच नावावर उघडतो. म्हणून डेटा भरल्याबरोबर प्रत्येक टेबलाचा सिक्वेन्स सेटव्हॅल फंक्शनने सर्वांत मोठ्या आयडीवर आणा. शेवटच्या काही नोंदी डिलीट झालेल्या असतील, तर जुन्या काउंटरचा आकडा घ्या. जँगोची एसक्यूएल-सिक्वेन्स-रीसेट कमांड हे एसक्यूएल फक्त छापून देते, चालवायचं आपणच. मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणारा इनोडीबी हा काउंटर स्वतः पुढे नेतो, पण ० आयडीची नोंद आली तर तिला गुपचूप नवा आकडा देतो. लाराव्हेलमध्ये फिलेबल यादीत (एकदम भरता येणाऱ्या कॉलमांच्या) आयडी नसेल, तर क्रिएट फंक्शन तो गाळतं आणि नवाच आयडी पडतो. अशा वेळी क्वेरी बिल्डरने इन्सर्ट करा.

नवे आयडी घ्यावेत ते दोन शाखांचा डेटा एकत्र करताना, किंवा जुनी की गावाचा कोड आणि क्रमांक मिळून बनलेली असताना. जँगोला अशी संयुक्त की ५.२ पासूनच चालते, लाराव्हेलच्या एलोक्वेंटला (डेटाबेस हाताळणाऱ्या भागाला) तर चालतच नाही. तेव्हा शाखा आणि जुना आयडी हे कॉलम ठेवून दोघांवर मिळून युनिक इंडेक्स लावा आणि त्यावरून पावत्यांच्या फॉरेन की बदला. खरी मेहनत पुढे आहे: स्वल्पविरामाने लिहिलेल्या याद्या, जेसन, ४१२ नावाची फोटोची फाइल. इथे आयडी चुकला तर डेटाबेस काहीच बोलत नाही.

दोनच शाखा असतील तर मधला मार्ग मला जास्त पटतो. रत्नागिरीचे आयडी तसेच राहू द्या, देवगडच्या आयडींत आणि त्यांच्या फॉरेन कींत १०,००,००० मिळवा. जुन्या देवगड लिंकसाठी रीडायरेक्ट लागेलच. यूयूआयडी, म्हणजे अक्षरं-आकड्यांचा लांबलचक आयडी, इथे नको. फोनवर बागायतदाराला तो सांगणार कसा?

काम पावसाळ्यात, आंब्याच्या पेट्या थांबल्यावर काढा. आधी कॉपीवर पूर्ण फेरी करा, मग प्रत्येक टेबलात एक नवी नोंद घालून तिला सर्वांत मोठ्या आयडीच्या (किंवा जुन्या काउंटरच्या) पुढचा आकडा मिळतोय का ते तपासा.