विज्ञानावरील दबावाची तारीखवार नोंद: ‘सायलेन्सिंग सायन्स ट्रॅकर’

वॉशिंग्टनमधील एका लहान ना-नफा संस्थेत विज्ञान धोरणाची इंटर्न म्हणून काम करताना माझ्याकडे बहुतेकदा एकच काम येत असे: अमेरिकी सरकारच्या एखाद्या खात्याने संशोधनात ढवळाढवळ केल्याचा आरोप झाला की नेमके काय घडले, कधी घडले आणि त्याला आधार काय, हे एका पानात मांडणे. या कामात मला सर्वाधिक उपयोग झाला तो ‘सायलेन्सिंग सायन्स ट्रॅकर’ या ऑनलाइन नोंदसंग्रहाचा. कोलंबिया लॉ स्कूलमधील सेबिन सेंटर फॉर क्लायमेट चेंज लॉ आणि क्लायमेट सायन्स लीगल डिफेन्स फंड या संस्थांनी तो जानेवारी २०१८ मध्ये सुरू केला. नोव्हेंबर २०१६ च्या निवडणुकीपासून पुढे शासनाने संशोधन, विज्ञानशिक्षण किंवा वैज्ञानिक माहितीचा प्रसार रोखण्याचे जे प्रयत्न केले, ते त्यात तारीखवार नोंदवलेले आहेत. त्यासाठी शुल्क नाही.

या संग्रहाचे खरे मोल त्याच्या वर्गीकरणात आहे. राजकीय हस्तक्षेप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बंदी येते, पण येथे सेन्सॉरशिपच्या बरोबरीने निधीकपात, कर्मचाऱ्यांतील बदल, संशोधनात अडथळे, माहितीचे विकृतीकरण आणि शास्त्रज्ञांनी धास्तीपोटी स्वतःवर घातलेला लगाम यांनाही स्वतंत्र स्थान दिलेले आहे. कर्मचाऱ्यांतील बदल हा वेगळा वर्ग का हवा, हे अमेरिकी कृषी खात्याच्या उदाहरणावरून समजते. २०१९ मध्ये या खात्याने आर्थिक संशोधन करणारी आणि कृषी संशोधनाला अनुदान देणारी अशी आपली दोन कार्यालये वॉशिंग्टनहून कॅन्सस सिटीला हलवली. कोणत्याही अहवालावर बंदी घातली गेली नाही, कोणाला गप्प बसण्याचा आदेश निघाला नाही; तरीही ज्यांना स्थलांतर करण्यास सांगितले गेले त्यांपैकी बहुसंख्य कर्मचाऱ्यांनी नोकरी सोडली आणि अनेक वर्षांचे ज्ञान त्यांच्याबरोबर निघून गेले. शब्द खोडण्याचा प्रकार त्या मानाने ओळखायला सोपा. नॅशनल पार्क सर्व्हिससाठी समुद्रपातळीवरील अहवाल लिहिणाऱ्या डॉ. मारिया कॅफ्री यांच्या मसुद्यातून हवामानबदलाला माणूस कारणीभूत असल्याचे उल्लेख काढण्याचा प्रयत्न झाला. त्या ठाम राहिल्या आणि मे २०१८ मध्ये अहवाल त्या उल्लेखांसह प्रसिद्ध झाला. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते, कारण मसुद्याच्या जुन्या प्रती जपलेल्या असल्या तरच असा हस्तक्षेप सिद्ध करता येतो.

उणिवाही आहेत. नोंदी मुख्यतः वृत्तपत्रीय बातम्यांवर आणि सार्वजनिक कागदपत्रांवर आधारलेल्या असल्यामुळे जे बाहेर आले नाही ते येथे सापडणार नाही, आणि केवळ प्रस्तावित असलेली निधीकपात व प्रत्यक्ष घडलेली मुस्कटदाबी यांचे वजन यादीत सारखेच दिसते. त्याहून मोठी अडचण अशी की नोंद घटनेच्या वेळची असते. पुढे काय झाले, याचा शोध बहुधा वाचकालाच घ्यावा लागतो. सप्टेंबर २०१९ मधील डोरियन चक्रीवादळाचे प्रकरण घ्या. अलाबामाला धोका असल्याचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सांगितले, तेथील हवामान कार्यालयाने तसा धोका नसल्याचे तत्काळ स्पष्ट केले, आणि काही दिवसांनी ‘नोआ’ (राष्ट्रीय सागरी व वातावरणीय प्रशासन) या वरिष्ठ संस्थेने निनावी निवेदन काढून आपल्याच कार्यालयाला चूक ठरवले. जून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशीत तत्कालीन प्रभारी प्रमुख नील जेकब्स यांनी वैज्ञानिक सचोटीच्या धोरणाचा भंग केल्याचा निष्कर्ष निघाला. तरीही २०२५ मध्ये त्याच संस्थेच्या प्रमुखपदासाठी त्यांचेच नाव सुचवले गेले. सचोटीचे धोरण असणे आणि त्याला दात असणे यांतील अंतर दाखवणारा हा उत्तरार्ध धोरणाच्या अभ्यासकाला मूळ घटनेइतकाच आवश्यक आहे.

सविस्तर विवेचन हवे असल्यास युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या संस्थेची प्रकरणवार माहिती अधिक वाचनीय आहे, मात्र ती संस्था उघडपणे भूमिका घेते, आणि विरोधी मताच्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात द्यावयाच्या टिपणासाठी मला ट्रॅकरची कोरडी, अलिप्त भाषाच अधिक सोयीची वाटली. सरकारी संकेतस्थळांवरून गायब झालेल्या मजकुराच्या शोधासाठी ‘एडजी’ (एन्व्हायर्नमेंटल डेटा अँड गव्हर्नन्स इनिशिएटिव्ह) या गटाचे काम पाहावे.

२०२५ नंतर या साधनाची गरज वाढली आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय हवामान मूल्यमापनाच्या सहाव्या अहवालावर काम करणाऱ्या सर्व लेखकांना कार्यमुक्त करण्यात आले. २३ मे रोजी ‘रिस्टोरिंग गोल्ड स्टँडर्ड सायन्स’ या नावाचा अध्यक्षीय आदेश निघाला, ज्यात पारदर्शकता आणि पुनरुत्पादनक्षमता (तोच प्रयोग पुन्हा केल्यास तोच निष्कर्ष मिळणे) हे विज्ञानाचे स्वतःचेच शब्द आहेत, पण बायडेन यांच्या काळातील सचोटीची धोरणे बाजूला सारून नियमभंग ठरवण्याचा अधिकार राजकीय नियुक्तीच्या अधिकाऱ्यांकडे जाईल अशी तरतूदही आहे. असा आदेश वाचताना त्याच्या आगेमागे काय घडत होते, हे तारखांच्या क्रमाने समोर असणे अत्यंत गरजेचे ठरते.

धोरणक्षेत्रात शिरू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी या संग्रहाची शिफारस करीन. अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: केंद्र सरकारमधील बहुतेक इंटर्नशिपसाठी तेथील नागरिकत्व लागते, त्यामुळे आपल्यासाठी विद्यापीठांतील केंद्रे आणि ना-नफा संस्था हाच मुख्य मार्ग उरतो, आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा असल्यास सीपीटीची (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगी काम सुरू करण्यापूर्वी हातात असली पाहिजे. अर्ज करताना ट्रॅकरमधील एखादी जुनी नोंद निवडावी, तिचा मूळ कागदपत्रांपर्यंत माग काढावा, त्या प्रकरणाचा शेवट काय झाला ते एका पानात लिहावे आणि ते पान अर्जासोबत जोडावे.