शिक्का खरा, प्लाय खोटा

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या माणसाने शिडाची बोट कशाला घ्यावी, हे आमच्या घरात रोज विचारून होतं, त्यामुळे तुम्ही नाही विचारलंत तरी चालेल. बोट माझ्या एकट्याची नाही. मुंबईच्या मावसभावाबरोबर अर्धी-अर्धी घेतली आहे. २४ फुटी, फायबरची, आमच्या मुलांपेक्षा वयाने मोठी. पावसाळा सोडला तर मुंबई बंदरात असते.

बोटीवरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. आमची गॅली म्हणजे एक बेसिन, दोन बर्नरची शेगडी आणि मागे रिकामी भिंत. डबे, कप, तेलाची बाटली, सगळं प्लास्टिकच्या क्रेटमध्ये, पायात. भाऊ म्हणायचा, चाललंय तसं चालू दे. कपाटं करायचीच म्हणून हट्ट धरला तो मी.

बोटीची भिंत घरासारखी सरळ नसते, खाली जाताना आत वळत जाते. दोन दिवस वाकून बसून मी पुठ्ठ्याचे साचे कापले आणि गुंडाळी करून रेल्वेने बडोद्याला आणले. मुंबईत बोटींची कामं करणाऱ्या मिस्त्रीने सांगितलेला आकडा मला झेपला नव्हता. शिवाय वाटलं, इथे काम डोळ्यांसमोर होईल. ओळखीतल्या ओळखीतून एका मॉड्युलर किचनवाल्याकडे गेलो. ७२,००० रुपये ठरले, ४५,००० आधी.

त्याने मला फसवलं ते खरं दाखवून. दुकानात प्लायचा अख्खा तक्ता उभा होता, त्यावर आयएसआयचं चिन्ह आणि आयएस ७१०, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा शिक्का. "काका, पेन्सिलनी खूण करो, आ तमारो," म्हणाला. मी कोपऱ्यावर नावाची अक्षरं काढली. मग त्याने बिजागरी काढली, वर लोहचुंबक धरलं. चिकटलं नाही. "जुओ, ३१६." म्हणजे खाऱ्या हवेत टिकणारी स्टेनलेस स्टीलची जात.

मी २८ वर्षं मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. स्टीलच्या पावत्या माझ्या हाताखालून गेल्या. तरी मान डोलावली. चुंबक ३१६ ला चिकटत नाही हे खरंच आहे, पण ते ३०४ लाही चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२ लाही जवळपास नाहीच. खाऱ्या हवेत ३१६ टिकतं ते त्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे, आणि त्याबद्दल चुंबक काही सांगू शकत नाही.

सुटे भाग तयार होऊन आले. दोन्ही बाजूंना सनमायका, चारही कडांना पट्टी, कुठे म्हणून लाकूड दिसत नव्हतं. मी खूश! इतकं नेटकं काम. सगळं झाकलेलं आहे, म्हणजे आत काय आहे ते आता कधीच दिसणार नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

डिसेंबरात बसवून पहिल्यांदा मांडव्याच्या दिशेने निघालो. वारा बरा होता. शीड एका बाजूवरून दुसरीकडे घेतलं, बोट कलली आणि दोन्ही दारं सताड उघडली. बडोद्याहून नेलेला लीलो चिवडा किलोभर केबिनभर झाला. त्यातला काही तळाशी साचलेल्या पाण्यात अजूनही असावा. दारांना घरच्यासारखे चुंबकाचे कॅच लावले होते. बोटीत बोटाने दाबल्याशिवाय उघडणार नाही असा खटका लागतो, आणि फळीच्या पुढे चार-पाच सेंटिमीटरचा कठडा. हे मी त्याला तोंडी सांगितलं होतं. लिहून दिलं नव्हतं. तेवढी चूक माझ्या पदरात घालतो.

फेब्रुवारीत केबिन उघडली तर कुबट वास. कडेची पट्टी सुटलेली, बिजागऱ्यांवर तपकिरी डाग, खालची फळी चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगलेली. भावाने काही न बोलता करवत दिली. फळी कापली तर आत भुसा, पार्टिकल बोर्ड. दार प्लायचंच होतं, पण मधल्या थरांत पोकळ्या.

दाराचा तुकडा घरी आणून पातेल्यात उकळत ठेवला. बायकोने डोकावून विचारलं, "शिट्ट्या किती करायच्या?" आयएस ७१० च्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात तग धरून राहावा लागतो. आमचा तुकडा दुपारच्या चहापर्यंत पत्त्यांच्या कॅटसारखा सुटा झाला. मरीन प्लायमध्ये थर फिनॉल फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवतात, तो पाण्याला दाद देत नाही. घरातल्या कोरड्या जागेसाठीचा साधा प्लाय आयएस ३०३ चा, त्यात बहुतेकदा युरियाचा डिंक असतो, गरम पाण्यात तो टिकत नाही. फिनॉलच्या डिंकाची रेघ कडेला गडद दिसते म्हणतात, पण रंग काय, कशातही घालता येतो.

तुकडा घेऊन दुकानात गेलो. आधी "काका" होतो, आता "साहेब" झालो. म्हणे, समुद्रात न्यायचंय हे कुठे सांगितलं होतं? मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला बोटीचा फोटो दाखवला, खाली त्याचाच अंगठा. मग म्हणे, लाकूड आहे, पाणी लागलं की फुगणारच. बिल पाहिलं तर साध्या लेटरपॅडवर: "फर्निचर काम, १ नग." जीएसटी क्रमांक नाही, आयएस नाही, ३१६ नाही. १८ टक्के वाचतील म्हणून कच्च्या बिलाला हो म्हणणारा मीच होतो.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यानंतर त्याने १५,००० देऊ केले, "वात पूरी करो", म्हणजे विषय संपवा, म्हणत. मी घेतले नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पडत नाही. कच्च्या बिलामुळे वकील फार आशा दाखवत नाहीत. यूपीआयची नोंद, तो फोटो आणि उकळलेले पापुद्रे, एवढाच पुरावा.

तुम्ही बोटीत नाही, घरच्या ओट्याखाली कपाट करून घेणार असाल तरी हेच होऊ शकतं. सनमायका चढण्याआधी कापलेल्या फळ्या कारखान्यात जाऊन बघा, कड बघा, आणि एक तुकडा मागून घ्या. तक्त्यावर सीएम/एल, म्हणजे आयएसआय चिन्हाच्या परवान्याचा क्रमांक छापलेला असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की परवाना कोणाचा ते कळतं. तोच क्रमांक बिलावर लिहायला लावा. लिहीत नसेल तर तिथूनच परत फिरा. शेवटचा हप्ता मोठा ठेवा. मी उलटं केलं.

बोटीवर क्रेट परत आले आहेत, दोरीने बांधून.

परवा त्या दुकानावरून गेलो. काचेतून आत पाहिलं. आयएस ७१० चा तो तक्ता अजून तसाच उभा आहे, आणि कोपऱ्यावर पेन्सिलने काढलेली माझ्या नावाची अक्षरं आहेत.