मक्यातील टेंबोट्रायॉन: तणाचे शेंडे पांढरे पाडणारे तणनाशक

बुलढाणा जिल्ह्यातील मोताळा तालुक्यात मक्याचा पेरा वाढला, पण निंदणाला मजूर मिळेनासे झाले. त्यामुळे यंदा खरिपात टेंबोट्रायॉन 34.4 टक्के एससी हे तणनाशक वापरले. तण दोन ते चार पानांवर आणि जमिनीत ओल असताना, एकरी 115 मिली औषध व सोबतचे 400 मिली सरफॅक्टंट (औषध पानावर नीट पसरवणारे द्रव्य) असे प्रमाण घेतले.

चार-पाच दिवसांत माठ या तणाची जुनी पाने हिरवीच होती, पण शेंड्याची कोवळी पालवी चुन्यासारखी पांढरी निघू लागली; पुढे ती करपली आणि रोप वाळले. हे औषध वनस्पतीतील एचपीपीडी नावाचे विकर बंद पाडते. ई जीवनसत्त्व या विकराच्याच रासायनिक वाटेने घडते, आणि पानांतील कॅरोटिनॉइड द्रव्ये, ज्यांतील काहींपासून आपले शरीर अ जीवनसत्त्व बनवते, तीही याच वाटेवर तयार होणाऱ्या प्लास्टोक्विनोनवाचून घडत नाहीत. ही द्रव्ये हरितद्रव्याला उन्हापासून जपतात; हे संरक्षण गेले की ऊनच हरितद्रव्य नष्ट करते. जुन्या पानांत ही द्रव्ये आधीच साठलेली असतात, म्हणून फटका प्रथम नव्या फुटीला बसतो. मका औषधाचे झपाट्याने विघटन करतो, त्यामुळे तो तगतो. एचपीपीडी बंद पाडणाऱ्या या तणनाशक गटाचा माग 1977 मध्ये कॅलिफोर्नियात लागला. बॉटलब्रशच्या झाडाखाली तण फारसे उगवत नाही, हे तेथील एका संशोधकाच्या लक्षात आले होते. त्यातून घडलेले मेसोट्रायॉन 2001 मध्ये बाजारात आले.

कुंदा आणि लव्हाळा यांच्याबाबत मात्र निराशा झाली. वरचा पाला पिवळा पडला, पण जमिनीतल्या गड्ड्यांतून दोन्ही पुन्हा फुटले. मक्यात तुरीच्या ओळी असतील तर हे औषध मुळीच घेऊ नये, कारण तूर रुंद पानांची असल्याने तीही होरपळते. ज्या कृषी केंद्रातून बाटली घेतली, तेथे आंतरपिकाची साधी विचारणाही झाली नाही, ही गोष्ट मला गंभीर वाटते.

जीवनसत्त्वाची वाट अडवणारे औषध माणसाला निर्धोक असणार, असा समजही ऐकू येतो. काही औषधांबाबत त्याला आधार आहे: असुलाम हे तणनाशक फॉलिक आम्ल या जीवनसत्त्वाची निर्मिती रोखते आणि ते आम्ल आपले शरीर बनवतच नाही. नव्या तणनाशकांचा शोध अशा वाटांवर घेण्यामागे हाच विचार आहे. एचपीपीडी मात्र माणसातही असते, इतके की याच कुळातील निटिसिनोन हे औषध टायरोसिनेमिया या दुर्मीळ आजारावर दिले जाते. त्यामुळे हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा यांत हयगय नको. यवतमाळ जिल्ह्यात 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको.

पुढच्या वर्षीही निव्वळ मक्याच्या वावरात हेच औषध घेईन, मात्र एकदाच, आणि मागून डवरणी करून. अमेरिकेतील इलिनॉयमध्ये माठाच्याच कुळातील तण 2009 मध्ये या गटाला दाद देईनासे झाल्याचे आढळले आहे, आणि आमच्या वावरात माठच सर्वांत जास्त आहे.