रंग फासायचा की भिंत धुवायची?

१९९५ च्या राज्य कायद्यानुसार भिंत विद्रूप करणं गुन्हा आहे, पण भिंतीवर स्प्रेनं बदाम-बाण रंगवणारा सापडेपर्यंत पुणे महापालिकेनं करायचं काय?

वरून रंगाचा हात मारणं स्वस्त आणि झटपट. पण स्प्रेचा गडद रंग एका हातात झाकत नाही, आणि शेड जुळली नाही तर ठिगळ दिसतं. (शिवाय पुढच्या प्रेमवीराला कोरी पाटी!)

रसायन लावून पाण्याच्या फवाऱ्यानं धुणं वेळखाऊ. सांडपाणीही आवरावं लागतं. तरी पेठांतल्या जुन्या काळ्या दगडाला हेच बरं, तेही हलक्या दाबानं. जोर केला तर सांध्यांतला चुना निघतो. ऑइलपेंट फासला तर आतली ओल कोंडते. उड्डाणपुलाच्या काँक्रीटच्या खांबांना मात्र मी रंगच लावीन.